सातव्या महिन्यापर्यंतचा अभ्यास

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाईन फॉर्म, असं बोर्डावर लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरांत लॅमिनेशन. दुकानाच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली आहे. तिथं मी कागदाचे गठ्ठे, बिघडलेला प्रिंटर आणि उन्हाळ्यात आंबे ठेवतो. त्या खोलीत एका खुर्चीवर बसून कुंदाताईंनी एम.एस्सी. केलं. विषय पोषण आणि आरोग्य. कॉलेज कुठंतरी लांब, मास्तर पडद्यावर आणि विद्यार्थिनी माझ्या आंब्यांच्या वासात. आता त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. अधूनमधून फोन येतो. पण गठ्ठा आणायला मागं गेलो की अजून मी दार हळूच उघडतो, आत लेक्चर चालू असेल म्हणून.

ताई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. पर्यवेक्षिका म्हणजे मोठी साहेबीण असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. महिनाभर एसटी, टेम्पो, मिळेल त्याची जीप आणि उरलेलं पायी, अशी ती साहेबी होती. वय पंचावन्नला टेकलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीला बाहेरगावी. सुती साडी नेसायच्या आणि साडीखाली पुरुषांचे असतात तसले जाडजूड बूट. स्टँडवरची पोरं बघून हसायची. "हसा," ताई म्हणायच्या, "तुम्हाला कुठं चढ चढायचाय."

एक दिवस त्या दुकानात आल्या आणि काउंटरवर पिशवी आपटून म्हणाल्या, "सलीमभाऊ, तुमचं इंटरनेट मधेच जातं का हो?"

"जातं की ताई. पण परत येतं."

"मग चालेल. आमच्या गल्लीतलं गेलं की येतच नाही."

मला वाटलं, मुलाशी बोलायचं असेल. तर त्यांनी कॉलेजात नाव घातलेलं. माझी बायको रेहाना चहा घेऊन आली होती, तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "ताई, आता ह्या वयात? पगार वाढणारे का?"

"कशाचा वाढतोय. रिटायर व्हायला आलेय मी."

"मग?"

"इतकी वर्षं घरोघर आहाराची पाकिटं वाटली गं. पाकीट घरात जातं आणि म्हशीच्या आंबोणात पडतं. बायका वाईट नाहीत, म्हशीवर त्यांचा जीव आहे आणि पोरांवर नाही असंही नाही. मग का घालतात? हे मला कुणीतरी सांगायला पाहिजे. कॉलेजात सांगत असतील."

हे सांगताना त्या रेहानाशी बोलत होत्या, पण बघत होत्या माझ्या पोटाकडं. त्यांची ती सवयच होती. माणूस भेटला की आपण कसं काय म्हणून विचारतो. ताई विचारायच्या, काल काय खाल्लं. कंडक्टरला विचारायच्या, तलाठ्याला विचारायच्या. एकदा मयतीला गेल्या तिथंही विचारलं, म्हणजे मयताच्या बायकोला, कारण तिनं कालपासून काही खाल्लंय का हे बाकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कॉलेजातनं पहिल्याच महिन्यात त्यांना काम मिळालं. एक माणूस गाठायचा आणि त्यानं काल उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय घातलं ते सगळं विचारायचं, पाणीसुद्धा. ताईंनी आयता सापडलेला माणूस धरला. मी छाती पुढं काढून सांगायला सुरुवात केली. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी ज्वारीची भाकरी, मेथी, काकडी. रात्री हलकं.

"हलकं म्हणजे?"

"म्हणजे, मुगाची खिचडी."

"ते राहू द्या. संध्याकाळी स्टँडवर काय खाल्लं ते सांगा."

"काही नाही ताई. संध्याकाळी मी खातच नाही."

"सलीमभाऊ, तुमच्या शर्टाच्या खिशावर चटणी आहे."

रेहाना आतून हसत बाहेर आली आणि तिनं माझा सगळा पंचनामा देऊन टाकला. वडापाव, भजी, घरी आल्यावर परत बिर्याणी आणि काकडी शेवटची आणली ती बकरी ईदेला. ताईंनी न हसता सगळं लिहून घेतलं. पेन बंद करून म्हणाल्या, "खोटं बोललात याचं काही नाही. सगळेच बोलतात. पण खोटं बोललात म्हणजे खरं काय खायला हवं ते तुम्हाला ठाऊक आहे. मग आता मी तुम्हाला शिकवायचं काय?" हे त्यांनी मला टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्या खरोखर काळजीत पडल्या होत्या आणि ती काळजी घेऊनच त्या दिवशी एसटीत बसल्या.

वर्गात बाकीच्या सगळ्या शहरातल्या पोरी. कुणी मोठ्या हॉस्पिटलात कामाला, कुणी जिममध्ये सल्ला देणारी. ताईंना आवाज बंद करायचं बटण सापडायचं नाही. त्यामुळं महाडला जाणारी गाडी फलाटावर लागल्याची घोषणा अनेकदा थेट वर्गात गेली. एकदा शिकवणाऱ्या मॅडम बिचाऱ्या थांबून म्हणाल्या, "कुंदाजी, तुम्हाला गाडी पकडायची असेल तर जा, रेकॉर्डिंग नंतर बघा." ताई म्हणाल्या, "नाही मॅडम, माझी साडेपाचची आहे." सगळा वर्ग हसला. ताईही हसल्या. इंग्रजीनं मात्र त्यांचा जीव काढला. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. एक नवा इंग्रजी शब्द आला की त्या शब्दासारखी वागणारी आपल्या गावांतली एक बाई शोधायची आणि शब्द तिच्या नावानं लक्षात ठेवायचा. पडद्यावर मॅडम भारी काहीतरी समजावत असायच्या आणि ताई पुटपुटायच्या, "ही आमची नांदगुड्यांची यमुना." मॅडमना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. वयानं ताईंपेक्षा लहान असतील, पण बाई चांगली होती. पुढं त्याच ताईंच्या प्रकल्पाच्या गाईड झाल्या.

प्रकल्प असा होता. एक घर निवडायचं आणि त्या घरातली खाण्याची एक सवय बदलून दाखवायची. फळा, तक्ते, भाषण करायचं नाही. लोकांच्या वागण्यात फरक पडला पाहिजे, नुसतं ऐकून मान हलवलेली चालणार नाही.

ताईंनी भाटघरच्या धरणाकडेनं वर जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातलं घर धरलं. सासू बायडाबाई, आणि सून सारिका. सारिका पहिलटकरीण, अंगावर मांस म्हणून नाही. आता आमच्या ह्या भागात एक रीत आहे. बाईला दिवस गेले की तिचं खाणं वाढवायचं सोडून घरचे ते कमी करतात. पोटात पोर मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, ही भीती. त्यात सून जेवणार सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे टोपल्यात जे उरेल ते. ताईंनी हे सगळं तक्त्यात भरलं. कमी खायला घालण्याचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं, गैरसमज. मीच टाईप केलं ते.

मग ताई बरोबर जेवणाच्या वेळेला त्या घरी जाऊन टपकायला लागल्या. आल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय कोण सोडतंय.

"बसा बाई, ताट वाढते," बायडाबाई म्हणायच्या.

"मी एकटी जेवत नाही. सारिकाला बसवा माझ्याजवळ."

"ती जेवंल की मागनं."

"मग मी पण मागनंच जेवते. मला काही घाई नाही."

पाहुणी बाई उपाशी बसलीय आणि आपण जेवतोय, हे बायडाबाईंच्या रीतीत बसणारं नव्हतं. त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या आणि सुनेचं ताट मांडायच्या. ताई भाकरीचा तुकडा मोडून सांगायच्या, "बायडाबाई, अशी भाकरी भोरात मिळत नाही, अजून एक द्या. सारिकालाही द्या, मी एकटी हावरट दिसतेय." असं महिनोन्महिने चाललं. हळूहळू बायडाबाईंनाच त्याची ईर्षा लागली. बाजाराला न्यायची अंडी घरात राहायला लागली. ताई गेल्या नाहीत त्या दिवशीही सुनेला आधी वाढलं जाऊ लागलं. पुढं तर बायडाबाई फोन करून सांगायच्या, "आज तिनं दीड भाकर खाल्ली, लिवा तुमच्या त्या कॉलेजाला!" सारिकाचं वजन वाढलं. ताईंचंही वाढलं, रेहानानं त्यांचे ब्लाऊज उसवून दिले.

गाईड मॅडम तर पडद्यावर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. घरातला निर्णय घेणारा माणूस अचूक ओळखला की अर्धं काम होतं, असं त्या सगळ्या वर्गाला सांगायच्या आणि उदाहरण म्हणून ताईंचा तक्ता दाखवायच्या. निर्णय कोण घेतं? सासू. तक्त्यात ठळक अक्षरांत होतं ते.

सातव्या महिन्यात सारिकाचं डोहाळजेवण झालं. ताई गेल्या होत्या. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, समोर पंचपक्वान्नांचं ताट, आणि बाजूला ताई तोंडभर हसतायत, असा फोटो होता. तो मी प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर लावला. त्याच आठवड्यात ताईंनी पडद्यासमोर बसून प्रकल्प सादर केला. वर्गात त्यांचा पहिला नंबर आला. मी पेढे आणले, ताईंनी एक अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा मला खाऊ दिला नाही.

पुढं महिन्याभरानं त्या शेंगदाण्याचे लाडू घेऊन सारिकाकडं गेल्या. अभ्यास संपला होता तरी गेल्या. दुपारच्या गाडीनं परत आल्या आणि दुकानात बसून राहिल्या. लाडवांचा डबा तसाच मांडीवर.

"काय झालं ताई?"

"सलीमभाऊ, मी गाढव आहे."

"का हो?"

"बाईचं पहिलं बाळंतपण कुठं होतं?"

"माहेरी."

"बघा. तुम्हाला पुरुषमाणसाला ठाऊक. बायडाबाई म्हणाल्या, गेली की म्हायेरी, पैलं बाळंतपण न्हवं का. अहो, मी स्वतः माझ्या आईकडं बाळंत झाले. ह्या पोरीची आई डोहाळजेवणाला आली होती, लेकीला न्यायलाच आली होती. मी तिच्या पंगतीला बसले. आणि माझ्या डोक्यात आलं नाही. इतके महिने मी सासूला पटवलं. शेवटचे दोन महिने पोरगी सासूच्या हातात नसतेच."

त्यांनी गाईड मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, तुमचा कालावधी पूर्ण झाला आहे, मार्क दिले गेलेत, आता पाठपुराव्याची गरज नाही. हे त्या ताईंना धीर देण्यासाठीच म्हणाल्या असणार. ताई बरं म्हणाल्या. फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुमची ओमनी चालू आहे का?"

सारिकाचं माहेर वेल्ह्याकडं, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत. नसरापूरवरून वळलो, मार्गासनी गेली, साखर गेलं. राजगडावर जाणाऱ्या पोरांच्या गाड्या रस्ताभर. त्यांच्या गाड्या जिथं थांबतात त्याच्याही पुढं आम्ही गेलो, आणि मग डांबर संपलं. पावसाळ्यात खचलेला रस्ता तसाच पडून होता. गाडी खाली लावून वर चालत गेलो. ताई पुढं, मी मागं धापा टाकत. त्या बुटांचं कारण मला त्या दिवशी कळलं.

सारिकाची आई हौसाबाई. उंच, काटक बाई, बोलण्यात गोडी फारशी नाही, पण बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी बाहेर ओट्यावर टेकलो. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. सारिका चहा घेऊन आली. तिला मी फोटोतच पाहिलं होतं. फोटोतले गाल आता नव्हते. पोट तेवढं पुढं.

ताईंनी तिला जवळ बसवून विचारलं, "काल काय खाल्लं गं?"

सारिकानं आईकडं पाहिलं. "भाकरी. भाजी. दूध बी घेतलं."

ताईंनी चहाचा घोट घेतला. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, ते राहू द्या. पण पोरगी आईला सांभाळून घेत होती, हे ताईंना दिसलं असावं. शेवटी हौसाबाईच बोलल्या.

"खोटं कशाला सांगती गं? म्याच देत न्हाई बाई तिला. येक येळ भात, येक येळ पेज. दवाखान्याची आशाताई गोळ्या देऊन गेली, त्या घेती."

"का मावशी?"

"का म्हंजी? तिची थोरली भन हितंच गेली. सासरी लई खाल्लेलं, आंगानं कशी भरली व्हती. पोर आडलं. झोळीत घालून खाली न्हेली. गाडी येती म्हनले. आली व्हय? आली ती नंतर आली."

मग ताई हळूहळू समजावू लागल्या. पोर अडतं ते आईनं पोटभर खाल्ल्यानं नाही, त्याची कारणं वेगळी असतात. ह्या महिन्यांत आई उपाशी राहिली तर पोर कमजोर होतं, दिवस भरायच्या आधीच येतं. सगळं सोप्या बोलीत, एकही अवघड शब्द न वापरता. दोन वर्षांचा अभ्यास मी दाराबाहेर बसून ऐकला, आणि मला तो पटला.

हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आसंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या हाईसा, खोटं कशाला सांगाल. पर त्या येळंला तुमी आसनार का हितं? गाडी आसनार का? बारकं पोर आसलं तर सुटंल तरी माजी लेक. पोर काय, पुन्यांदा व्हईल."

ताई म्हणाल्या, "मग तिला घेऊन माझ्याकडं या. भोरला, माझ्या घरी. दवाखाना हाकेवर आहे. दोघी या, बाळंत होईपर्यंत राहा. मी एकटीच असते."

"म्हायेर सोडून लेक दुसऱ्याच्या घरात बाळंत करायची? भावकी काय म्हनंल?"

"भावकीला सांगा, मी तुमची बहीण आहे."

हौसाबाई पहिल्यांदा जरा हसल्या. बघू म्हणाल्या, घरात विचारते म्हणाल्या. आम्ही उतरायला लागलो तेव्हा ओट्यावरून मागनं हाक मारून त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घराला जिना हाय का?"

"नाही, खालीच आहे सगळं."

"मंग बरंय."

ह्या एका प्रश्नानं ताईंना केवढा आनंद झाला! जिन्याची चौकशी करते म्हणजे बाई येणार. पण परतताना गाडीत, मार्गासनीच्या आसपास, त्या म्हणाल्या, "सलीमभाऊ, तक्त्यात मी गैरसमज लिहिलं होतं ना? तो गैरसमज नाही. त्या बाईनं रस्ता बघितलाय आणि त्या रस्त्यानं निभावेल एवढंच पोर मागितलंय. कॉलेजात मला कुणी सांगेल म्हणत होते मी. हे कोण सांगणार होतं?"

घरी जाऊन त्यांनी पुढची खोली रिकामी केली. खाट आणली. रेहानानं गोधडी दिली. ताई रोज वाडीला फोन लावायच्या, वाडीत रेंज नसायची. सारिकाचा भाऊ खाली बाजाराला आला की तोच फोन करायचा. आई म्हणती, पुनव झाली की येऊ. ताई पुनवेची वाट बघत होत्या.

पुनवेच्या आधीच त्याचा फोन आला. बहीण सुखरूप आहे, मुलगी झाली, घरीच. ताई तेव्हा दुकानातच होत्या. मग हौसाबाईंनी फोन घेतला. त्यांचा आवाज मला काउंटरच्या अलीकडं ऐकू येत होता. खाली रेंजमध्ये येऊन, हौसेनं केलेला फोन होता तो.

"बाई, आजाबात तरास न्हाई बगा! सुटली माजी पोर. लई भ्या वाटत व्हतं मला."

"बाळाचं वजन किती आहे मावशी?"

"वजन कशाला? मुठीयेवढी हाय. पर रडली बगा."

"दूध पितेय का?"

"वडती की. जरा कमी वडती. वडंल."

ताईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून मी ओमनीची किल्ली काढली. बाळाला खाली आणलं, दवाखान्यात दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सारिका ओली बाळंतीण, दवाखान्याच्या बाकावर बसून असायची. ताई रजा टाकून तिच्याजवळ राहिल्या. काही दिवस बाळ नळीनं दूध घ्यायचं. मग तेही घेईना. मग गेलं. नाव ठेवलं नव्हतं अजून.

त्यानंतर ताई कामाला जायच्या, यायच्या, पण कुणाला काही विचारायच्या नाहीत. मी मुद्दाम एकदा त्यांच्यासमोर वडापाव खाल्ला. त्यांनी पाहिलं आणि पंख्याखालची खुर्ची ओढून बसल्या. मला तो वडापाव गोड लागला नाही.

अशात कॉलेजचा समारंभ आला. पडद्यावरच. चांगल्या प्रकल्पांची एक पुस्तिका निघणार होती, मुखपृष्ठावर ताईंचा तो डोहाळजेवणाचा फोटो. गाईड मॅडमनी कौतुकानं त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काउंटरवर एकाचे दाखले लॅमिनेट करत होतो. मागच्या खोलीतून ताईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. त्यांनी सगळं सांगितलं. सासूचं, माहेरचं, रस्त्याचं, बाळाचं.

"कुंदाजी, फार वाईट झालं," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज ओला होता. "पण हे अभ्यासाच्या कालावधीनंतरचं आहे. तुमच्या निष्कर्षांना त्यानं बाधा येत नाही. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

"मॅडम, अभ्यास सातव्या महिन्यात संपला. बाळंतपण नवव्यात असतं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तेवढा फोटो काढा," ताई म्हणाल्या. "त्यात मी हसतेय."

पुस्तिका निघाली तेव्हा मुखपृष्ठावर भाज्या होत्या. डिग्री मात्र मिळाली. प्रमाणपत्र माझ्याच प्रिंटरवर काढलं. ताईंनी ते लॅमिनेट करू दिलं नाही.

आता शेवटचं सांगतो. बदलीचा कागद आला होता. जायच्या आधी एकदा वाडीला जायचं, असं ताई म्हणाल्या आणि मी गाडी काढली. सारिका अजून माहेरीच होती. बायडाबाई सुनेला न्यायला तयार नव्हत्या. माझ्याकडं होती तेव्हा कशी झाली होती, आईनं उपाशी ठेवून नात मारली, असं त्या येईल जाईल त्याला सांगत होत्या. खोऱ्यातली बातमी, धरण ओलांडून डोंगर चढायला तिला वेळ लागत नाही. ताईंनी बायडाबाईंना गप्प करायचा प्रयत्न केला होता. पण त्या बाईला सुनेला खाऊ घालायला शिकवलं होतं ताईंनीच, तिला कोणत्या तोंडानं गप्प बसवणार?

भाताची झोडणी चालली होती. हौसाबाई खळ्यावर एकट्याच पेंढी आपटत होत्या. आम्हाला पाहून या म्हणाल्या नाहीत. पेंढी आपटत राहिल्या. मी बांधावर थांबलो. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सारिका कशी आहे मावशी?"

"हाय. आत पडल्याली. खाईना झालीया. पुढ्यात ताट ठेवलं तर माज्याकडं नुसती बगती."

पुन्हा पेंढी उचलली, आणि ती डोक्यावर तशीच धरून हौसाबाईंनी विचारलं, "बाई, तिची सासू म्हनती म्या मारली. तुमी शिकलेल्या. मला खरं सांगा. म्या मारली का तिला?"

मी बांधावरून मनात म्हणत होतो, ताई, नाही म्हणा. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलंत, आज एक तुम्ही बोला. देव तुम्हाला माफ करील, कुणाचाही देव करील.

ताई खळ्यावर पेंढ्यात खाली बसल्या. बूट, साडी, सगळ्यासकट.

"एकट्या तुम्ही नाही मावशी," त्या म्हणाल्या. "आपण दोघींनी. सासूच्या घरी मी महिनोन्महिने जेवायला गेले. तुमच्याकडं यायला मला उशीर झाला."

हौसाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, हाकलून देईल. त्यांनी पेंढी खाली टाकली आणि ताईंच्या शेजारी बसून मोठ्यानं रडायला लागल्या. लेक बाळंत झाल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, हे मला नंतर त्यांच्या मुलानं सांगितलं. ताईंनी त्यांना जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या. माझेही डोळे भरून आले, उगाच लपवत नाही.

ऊन कलायला लागलं तसा मी खाकरलो. परत भोरला जायचं होतं. ताईंनी मान वर केली.

"तुम्ही व्हा पुढं सलीमभाऊ. मी राहते इथंच."

"कधी न्यायला येऊ?"

त्या उठल्या, साडीला चिकटलेलं भाताचं भुसकट झटकलं आणि घराच्या दाराकडं चालू लागल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सारिका जेवली की."